खुराड्यावर हल्ला कोणी केला आणि पुढचा कसा टाळायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परसात दहा-वीस गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. हजार पक्ष्यांच्या बंदिस्त शेडचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

सकाळी खुराडं उघडलं तर दोन कोंबड्या मरून पडलेल्या. आधी काय करू?

आधी साफसफाई करू नका. बहुतेक घरांत पहिल्या पाच मिनिटांत पिसं झाडली जातात, मेलेल्या कोंबड्या उचलल्या जातात आणि पुरावा उकिरड्यावर जातो. मोबाइलवर चार फोटो काढा: मेलेली कोंबडी कुठे आणि कशी पडली आहे, जखम कुठे आहे, पिसं कोणत्या बाजूला पसरली आहेत, जाळी किंवा फळी कुठे हललेली आहे.

मग वाट शोधा. खुराड्याभोवती जमिनीलगत हात फिरवत एक फेरी मारा. तारेच्या टोकाला अडकलेले केस, फळीवर चिखलाचा पंजा, वापरून गुळगुळीत झालेली भोकाची कड, सरकलेलं कौल यातलं काही ना काही सापडतंच. आलेला प्राणी कोण होता हे नाही कळलं तरी एकवेळ चालेल, पण तो कुठून आला हे कळलंच पाहिजे. आज मुंगूस ज्या फटीतून आलं, परवा त्याच फटीतून घूस येणार आहे.

मेलेल्या कोंबडीवरून हल्ला कोणाचा ते कसं ओळखायचं?

भटक्या कुत्र्यांपासून सुरुवात करतो, कारण गावात सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच असतं आणि आळ मात्र दुसऱ्यांवर जातो. कुत्री टोळीने येतात, जाळी उचकटतात, फळी वाकवतात. सात-आठ कोंबड्या मारून अंगणभर टाकतात आणि खातात फारच थोडं. चावे पाठीवर, शेपटीकडे, मांडीवर, कुठेही असतात आणि पिसं लाळेने ओली, चिकटलेली असतात. सकाळी गावभर ‘बिबट्या आला’ अशी हाकाटी होते. प्रत्यक्षात फाट्यावरच्या चिकन सेंटरमागे आतड्यांवर पोसलेली कुत्री रात्री वस्तीत फिरून गेलेली असतात. एवढ्या कोंबड्या मारून न खाता टाकलेल्या दिसल्या तर आधी कुत्र्यांचा विचार करा.

मुंगूस दिवसा येतं. ऊन तापायच्या आधी किंवा दुपार कलल्यावर. चावा डोक्याच्या मागे किंवा मानेवर, छोटा पण खोल. बंद जागेत शिरलं तर गरजेपेक्षा जास्त मारतं. पिलू असेल तर उचलून कुंपणात नेतं.

रानमांजराचं काम नीटनेटकं. रात्री येऊन एकच कोंबडी उचलतं, लांब नेतं आणि झुडपाच्या आडोशाला बसून खातं. अंगणात चार पिसं, पण पन्नास पावलांवर बांधाच्या कडेला पिसांचा ढीग सापडतो. एकदा मिळालं की एक-दोन रात्री सोडून परत येतं. कोल्हाही आख्खी कोंबडी तोंडात धरून नेतो, पण त्याच्या वाटेवर पिसांची ओळ लागते. शिवाय तो जमीन उकरून आत येऊ शकतो.

कोकणात कौलारू पडवीला लागून खुराडं असेल तर कांडेचोराला, म्हणजे उदमांजराला, विसरू नका. तो वरून येतो. कौल सरकलेलं, खालची माती जशीच्या तशी, दाराची कडी लावलेली आणि आत कोंबडी मेलेली, असं असेल तर छपरावर चढून बघा. भिंतीच्या माथ्यावर किंवा वाशाजवळ फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

आणखी एक प्रकार लोकांना कोड्यात टाकतो: धड आत आहे, डोकं नाही आणि जाळी शाबूत. कोंबडी रात्री जाळीला टेकून झोपलेली असते. मांजर किंवा रानमांजर बाहेरून पंजा घालतं, डोकं जाळीच्या भोकातून ओढतं आणि तेवढंच घेऊन जातं. इथे उपाय सोपा आहे. बसायची दांडी जाळीपासून किमान दीड फूट आत घ्या.

पाऊलखुणांवरून काही कळतं का?

कळतं, पण त्यासाठी जमीन तशी हवी. चुलीतली राख चाळून खुराड्याभोवती हातभर रुंद पट्टा पसरा, रात्री तसाच ठेवा आणि सकाळी ऊन चढायच्या आधी, तिरपा उजेड असताना बघा.

कुत्रा आणि कोल्हा यांच्या ठशात नखं उमटतात. मांजराच्या कुळात नखं आत असतात, म्हणून ठसा गोल आणि बिननखांचा. कोल्ह्याचा ठसा त्याच मापाच्या कुत्र्यापेक्षा अरुंद, लांबट. मुंगसाचा ठसा लहान, पाच बोटांचा, पुढे लांब नखांचे टोचे. घोरपडीच्या पंजांच्या दोन रांगांमधून शेपटीची नागमोडी रेघ जाते. सापाची नुसतीच रेघ, पंजे नाहीत. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून खिडकीत ठेवला तरी काम होतं, पण लाइट गेली की तो प्रयोग संपतो. राखेला लाइट लागत नाही.

अंडी रोज गायब होतात. साप की आणखी कोणी?

साप अंडं आख्खं गिळतो. कवच नाही, ओल नाही, गवत विस्कटलेलं नाही, फक्त अंडं कमी. नाग अंड्यांना आणि पिलांना येतो, धामणही कधीकधी. कवचाचे तुकडे बिळाच्या तोंडाशी सापडले तर घूस किंवा उंदीर. भरदिवसा, वरून टोचून पाडलेलं भोक आणि आतलं अर्धवट प्यायलेलं असेल तर कावळा किंवा भारद्वाज. घोरपडही दिवसाच येते.

पण घरट्यातलं गवत पिवळ्या बलकाने चिकट झालंय आणि एखाद्या कोंबडीच्या चोचीला वाळलेला बलक दिसतोय, तर चोर घरातलाच आहे. कोंबडी स्वतःची अंडी फोडून खायला शिकते. सुरुवात बहुतेकदा पातळ कवचाच्या अंड्यापासून होते. ते आपोआप तडकतं आणि चव लागते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, अंडी दिवसातून दोनदा उचला, घरटं अंधारं करा. तरीही खोड गेली नाही तर ती कोंबडी बाजारात किंवा रश्श्यात. उगाच सगळ्या खुराड्याला शिकवेल.

आणि हो, दोन पायांचे अंडीचोरही असतात. त्यांच्या ओळखीच्या खुणा इथे लिहायची गरज नाही.

पिलं एकेक करून कमी होत आहेत, रक्ताचा थेंबही नाही. कोण नेतंय?

वेळेची नोंद ठेवा. सकाळ-संध्याकाळ पिलं मोजली की निम्मं उत्तर मिळतं. दिवसा कमी होत असतील तर घार, शिक्रा, कावळा, मांजर किंवा मुंगूस. कोंडल्यानंतर रात्रीत कमी होत असतील तर घूस, साप किंवा मांजर.

घार मोकळ्या अंगणातून झेप घेऊन उचलते. त्याआधी दोन-तीन दिवस वर घिरट्या घालताना दिसते. शिक्रा झाडाच्या फांदीत लपून बसतो आणि खालच्या उंचीवरून सरळ येतो. त्याला घिरट्या लागत नाहीत, म्हणून तो दिसतही नाही. कावळे जोडीने काम करतात. एक कावळा पिलांच्या आईला समोरून चिडवतो, दुसरा मागून पिलू ओढतो.

एक खूण नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मेलेलं पिलू तिथेच पडलंय, जखम नाही, पण डोकं आणि खांदे ओले होऊन पिसं चापून बसली आहेत. सापाने गिळायला घेतलं आणि मोठं वाटलं म्हणून सोडून दिलं, असा त्याचा अर्थ. साप अजून जवळपास असू शकतो. हात घालू नका.

उपाय जुनाच. पिलं सहा-आठ आठवड्यांची होईपर्यंत आईसकट डालग्याखाली. डालग्यावर दगड ठेवा, नाहीतर कुत्रं ते नाकाने उलथतं. सकाळ-संध्याकाळ घरातलं कोणी अंगणात असताना तासभर मोकळं सोडा. आजी अंगणात तांदूळ निवडत बसायची, तेव्हा घारीचं काही चालत नसे.

खुराड्यात साप दिसला तर?

कोंबड्या बाहेर येऊ द्या, तुम्ही लांब थांबा, एकाने सापावर नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या हॅलो फॉरेस्ट 1926 या क्रमांकाला फोन करा. अंडी-पिलू गिळून फुगलेला साप पुष्कळदा ज्या भोकातून आला त्यातून बाहेर जाऊ शकत नाही आणि कोपऱ्यात वेटोळं करून पडून राहतो. दिवसभर त्याचा पत्ता लागत नाही. संध्याकाळी कोणीतरी सवयीने अंड्यासाठी हात घालतं. म्हणून नियम एकच: बॅटरी मारल्याशिवाय घरट्यात हात नाही. खुराड्याच्या आसपास उंदरांसाठी घोणसही येते. तिला कोंबड्यांशी देणंघेणं नसतं, पण अंधारात अनवाणी पाय पडला तर प्रसंग जिवावर बेततो. चावा झालाच तर मंत्र-तंत्र, चिरा, आवळपट्टी यात वेळ न घालवता सरळ सरकारी रुग्णालय. प्रतिविष तिथे मिळतं.

जाळी कोणती घ्यावी?

दुकानात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळते ती षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवायला आहे, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. मोठं कुत्रं ती दातांनी फाडतं. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ती पिळाच्या ठिकाणी गंजते आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर हाताने तुटते.

खालचे तीन फूट तरी अर्धा इंची वेल्डमेश (वेल्डिंगने जोडलेली चौकोनी भोकांची तारजाळी) लावा, गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली. दुकानदार गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, विचारेल. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे लक्षात ठेवून बोला. अर्ध्या इंचातून मोठा साप, घूस, मुंगूस, मांजराचा पंजा यातलं काही जात नाही. सापाचं एखादं पिलू गेलंच तर ते कोंबडी गिळू शकत नाही. वर स्वस्तातली षटकोनी चालेल. छपराला आणि भिंतीला मध्ये जी वीतभर फट ‘हवेसाठी’ ठेवली जाते, तिलाही जाळी हवी. कांडेचोराचा रस्ता तोच.

जाळी खिळ्याने ठोकून खिळा वाकवण्याची पद्धत सोडा. कुत्र्याने दोनदा ओढलं की खिळा निघतो. लाकडी पट्टी वरून ठेवून स्क्रू मारा.

आणि जमिनीखालचं काम. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतो, दोन फूट मागे सरकून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. म्हणून जाळी खाली काटकोनात वाकवून बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट जमिनीवर अंथरा, वर माती आणि दगड. खोल चर खणण्यापेक्षा हे काम अर्ध्या दिवसात होतं आणि टिकतं. जांभ्याचा किंवा विटांचा जोता घालणार असाल तर उत्तमच, पण जोत्यात घुशीचं जुनं बीळ असेल तर काचांचे तुकडे आणि सिमेंट भरून आधी ते बुजवा. बुजवण्याआधी आत कोणी नाही याची खात्री करा. बिळाच्या तोंडाशी गवत कोंबून ठेवायचं आणि दोन दिवस ते हललं नाही तर बुजवायचं.

खुराडं खांबांवर उचलून बांधलं असेल तर प्रत्येक खांबाला मधोमध दोन फूट पत्रा गुंडाळा. घूस आणि साप दोघांची चढण तुटते. फक्त बाजूला टेकलेली शिडी रात्री काढून ठेवा, नाहीतर पत्र्याचा काही उपयोग नाही.

दाराला कडी आहे. पुरेशी नाही का?

नुसती सरकती कडी कुत्रं नाकाने हलवून हलवून सरकवतं. कोयंड्यात पिन किंवा तारेचा आकडा अडकवा. दाराखालची फट बघा. तुमची तीन बोटं सहज जात असतील तर घूसही जाते.

पण खरा घोटाळा कडीचा नसतो, कोंडायच्या वेळेचा असतो. तिन्हीसांजेला कोंबड्या आपणहून आत येतात. लग्नाला गेलो, मॅच होती, पाऊस होता, म्हणून दार उशिरा लागलं, तर मधला तासभर रानमांजर आणि कुत्र्यांच्या फिरतीचा असतो. कोंडताना मोजा. एक कमी असेल तर लगेच शोधा, सकाळवर ढकलू नका.

दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना घारीपासून कसं वाचवायचं?

मोठ्या गावरान कोंबडीला घार सहसा हात लावत नाही, प्रश्न पिलांचा आणि तलंगांचा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांचा, असतो. मोकळ्या अंगणापेक्षा पळून लपायला जागा असलेलं परस सुरक्षित: आंब्या-फणसाची सावली, केळीचं बन, टेकवून ठेवलेला पत्रा, जुनी बैलगाडी. मात्र हीच झुडपं खुराड्याच्या भिंतीला लागून नकोत, तिथे ती मुंगसाला आडोसा देतात. भिंतीभोवती सहा-आठ फूट जागा मोकळी, त्यापलीकडे झाडी.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना जुनं मासेमारीचं जाळं मिळतं. ते डोक्यावर ताणून बांधलं की घार आणि कावळा दोन्ही बंद. पण ते जमिनीपर्यंत लोंबू देऊ नका, धामण त्यात अडकून तडफडून मरते. चमकत्या सीडी आणि बुजगावणी आठवडाभर चालतात, मग कावळे त्यांच्यावरच बसतात.

कोंबडा ठेवा. वरून धोका आला तर तो वेगळा आवाज काढतो, जमिनीवरून आला तर वेगळा, आणि कोंबड्यांना दोन्ही कळतात. पहिल्या आवाजाला त्या झुडपात घुसतात, दुसऱ्याला मान वर करून कलकलाट करतात. महिनाभर कान दिलात तर तुम्हालाही कळायला लागतं आणि स्वयंपाकघरातून उठून बाहेर यायचं की नाही ते ठरवता येतं.

वनराज-गिरिराज घेतल्या तर त्या जास्त सापडतात, खरं का?

काही अंशी खरं आहे. या सुधारित जाती वजनदार असतात, फारशा उडत नाहीत, आणि मशीनमध्ये उबवलेली पिलं आईशिवाय वाढल्यामुळे घार म्हणजे काय हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. त्यांना पूर्ण मोकळं सोडण्यापेक्षा जाळीच्या आवारात ठेवा. मोकळ्या चरणीला गावरानच बरी. पांढऱ्या पक्ष्यांपेक्षा तपकिरी-काबरे पक्षी पाचोळ्यात कमी उठून दिसतात, हाही फायदा.

कोंबड्या झाडावरच झोपतात. राहू दे का?

कुत्र्यांपासून वाचतील, कांडेचोर, रानमांजर आणि घुबडापासून नाही. आठवडाभर संध्याकाळचा दाणा खुराड्यातच टाका, सवय बदलते.

आमच्याकडे बिबट्या फिरतो. कोंबड्यांसाठी येतो का?

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेरच्या ऊसपट्ट्यात हा प्रश्न रोजचा आहे. बिबट्याला कुत्रं आणि शेळी जास्त सोयीची, पण खुराडं कमकुवत असेल तर तो कोंबडीही सोडत नाही. ऊसतोड सुरू झाली की उसात राहणारे सगळेच, म्हणजे बिबट्या, कोल्हा, रानमांजर, जागा बदलतात. त्या दिवसांत खुराडं लवकर बंद करा. आवारात उजेड ठेवा, उरलेलं मटण-कोंबडीची आतडी उघड्यावर टाकू नका, कारण त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. तो आत अडकलेला दिसला तर दार उघडून बघायला जाऊ नका, गर्दी हटवा आणि 1926 लावा. शेळी-करडू गेलं असेल तर जागेवरून न हलवता लगेच वनरक्षकाला कळवा. पंचनाम्याशिवाय भरपाईचं काम पुढे सरकत नाही.

मुंगसाला पकडून लांब सोडलं किंवा विष घातलं तर?

दोन्ही नाही. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, उदमांजर, घोरपड, धामण, नाग, बिबट्या या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षण आहे. मारणं तर सोडाच, परवानगीशिवाय सापळा लावून पकडणंही गुन्हा आहे. विषाचं आमिष शेजाऱ्याचं कुत्रं खातं, तुमचीच कोंबडी त्याच्या ओकारीत चोच घालते. तारेत घरची वीज सोडणं तर माणसं मारण्याचा धंदा आहे. दर वर्षी असे बळी जातात. सोलर कुंपण झटके देतं, सलग प्रवाह सोडत नाही, ते वेगळं. पण वीस कोंबड्यांसाठी तो खर्च परवडत नाही.

शिवाय हिशेब मांडा. खाद्याच्या पोत्यावर जगणाऱ्या उंदीर-घुशींना खाणारे तुमच्या परसात कोण आहेत? मुंगूस आणि धामण. भरडा पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा, सांडलेला दाणा रात्री झाडून घ्या. उंदीर कमी झाले की त्यांच्यामागे येणारेही कमी होतात. घुशींसाठी पिंजरा लावायला कायद्याची आडकाठी नाही.

चार-पाच कोंबड्या एकदम मेल्या, पण जखम कुठेच नाही.

मग हा हल्ला नसण्याची शक्यता जास्त. सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर रचल्यासारख्या पडल्या असतील तर रात्री कशालातरी घाबरून ढीग झाला आणि खालच्या गुदमरल्या. मान वाकडी होणं, हिरवट हगवण, धाप ही मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणं. त्याची लस मिळते आणि ती वेळेवर द्यायला हवी.

पटापट मरत असतील तर त्या उघड्यावर किंवा ओढ्यात फेकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. 2006 मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरलाच सापडला होता. 2024 च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. आजारी कोंबडी खाणाऱ्या मांजराला ती लागण होऊ शकते आणि हाताळणाऱ्या माणसालाही.

हल्ल्यात मेलेली कोंबडी खावी का?

नको. कधी मेली, किती वेळ पडून होती, लाळ कोणाची, काही माहीत नसतं. कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

जखमी कोंबडी वाचते का?

पुष्कळदा वाचते, वरून दिसतं त्यापेक्षा जास्त. आधी तिला बाकीच्यांपासून वेगळी करा, कारण रक्त दिसलं की इतर कोंबड्या तिथेच टोचत राहतात. अंधाऱ्या, ऊबदार खोक्यात ठेवा. जखमेभोवतीची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने धुवा. चावा खोल असेल तर पशुवैद्यक प्रतिजैविक देतील, अंदाजाने माणसांची गोळी चुरून घालू नका. पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ जखम उघडून बघा. पाणी प्यायली आणि दुसऱ्या दिवशी दाण्याकडे बघू लागली की निम्मं काम झालं. पिसं भरून आल्यावरच कळपात सोडा, तेही संध्याकाळी कोंडताना.